काँकच्या वाटेवरचं देणं

माझे वडील पाथरवट होते. जोतिबाच्या डोंगराखालच्या आमच्या गावात ते जाती, पाटे, उखळं घडवायचे. पुढे घरोघरी मिक्सर आले तेव्हा पायऱ्यांचे आणि जोत्याचे दगड. दगड निवडताना ते त्याला टाकीचा बारीक ठोका द्यायचे आणि मान कलती करून ऐकायचे. खणखणीत वाजला तर घ्यायचा. बद्द वाजला तर आत चीर आहे. मी भूशास्त्राकडे वळले, पुण्याला शिकले आणि मग शिष्यवृत्तीवर फ्रान्समधल्या क्लेरमाँ-फेराँला गेले, त्याचं मूळ या ठोक्यात आहे. वडिलांचं ऋण मोठंच आहे. पण आज लिहायला बसले आहे ते दुसऱ्या ऋणाबद्दल, ज्याच्याविषयी मी घरी कधी नीट बोलले नाही. ते त्या देशातल्या डोंगरमाथ्यांवरच्या लहान लहान चॅपेलांचं आहे, आणि ती सांभाळणाऱ्या माणसांचं.

क्लेरमाँच्या दक्षिणेला ल प्वी नावाचं जुनं गाव आहे. स्पेनच्या वायव्य टोकाला सांतियागो इथे संत याकोबाची समाधी मानतात. तिथे जाणाऱ्या जुन्या पायवाटांपैकी एक ल प्वीहून सुटते. तिथला बिशप गोदेस्काल्क 950-51 मध्ये ही यात्रा करून आला, म्हणजे वाट हजार वर्षांहून जुनी. आता तिच्यावर पांढऱ्या-लाल रंगाच्या खुणा आहेत आणि भाविकांबरोबर नुसते चालणारेही असतात. ल प्वी ते काँक हा पहिला टप्पा साधारण दोनशे किलोमीटरचा. भूशास्त्राच्या विद्यार्थ्याला याहून चांगली वाट मिळणं कठीण. आधी बसाल्ट, मग मार्झरीदच्या पठारावर ग्रॅनाइट, ओब्राकला परत बसाल्ट, आणि शेवटी काँकच्या दरीत शिस्ट. मी गेले ती हे खडक पाहायला. चॅपेलं माझ्या लेखी नकाशावरच्या खुणा होत्या, होकायंत्र लावून दिशा धरायला सोयीच्या.

ल प्वीच्या कडेलाच सेंट मिशेलचं चॅपेल एका उभ्या सुळक्यावर आहे. सुळका ऐंशी मीटरहून उंच, वर जायला 268 पायऱ्या. ज्वालामुखीचा रस पाण्याला भिडून फुटला, त्याचे तुकडे नळीतच एकमेकांत घट्ट बसले, आणि भोवतालचं मऊ सगळं झिजून गेल्यावर हा सुळका उरला. वय सुमारे वीस लाख वर्षं. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण साडेसहा कोटींच्या घरातला, तेव्हा हा मला कालचाच वाटला. मी वर गेले, खडकाचं निरीक्षण वहीत उतरवलं, आणि गोदेस्काल्कने यात्रेहून परतल्यावर बांधलेल्या त्या चॅपेलात जेमतेम डोकावून उतरले. आतली जमीन वाकडीतिकडी आहे, भिंती सरळ रेषेत नाहीत, एवढं दिसलं. माथ्याचा जो आकार होता तोच बांधणाऱ्यांनी इमारतीचा आकार म्हणून घेतला, खडक तासून सपाट केला नाही, हे मला कितीतरी नंतर समजलं. पाथरवटाच्या मुलीला ते पहिल्या नजरेत दिसायला हवं होतं.

पुढची काही चॅपेलं अशीच मागे पडली. मोंबॉनेचं तेराव्या शतकातलं, रस्त्याकडेचं. रॉशग्यूदचं, आलिए नदीच्या घळीवर एका पडक्या बुरुजाशेजारी, आत दहा माणसं दाटीने मावतील एवढं. तिथून वाट मुळांवरून आणि दगडांवरून एकदम खाली मॉनिस्त्रॉलला उतरते, आणि पलीकडच्या चढावर बसाल्टच्या कड्यातल्या गुहेला पुढून भिंत घालून केलेलं मारी मादलेनचं चॅपेल लागतं. तिथे मात्र मी थांबले. कडा आमच्याकडचा, गुहा आमच्याकडची, आत देवाला बसवायची रीतही आमच्याकडची. घरापासून इतक्या लांब आल्यावर पहिल्यांदा काहीतरी ओळखीचं वाटलं. ते खडकामुळे की माणसामुळे, हे सांगता आलं नाही.

मार्झरीद ओलांडताना हवा फिरली. तेराशे मीटरच्या आसपासचं उघडं पठार, पाइनची झाडं, आणि आडवा पाऊस, त्यात गारा. खिंडीजवळ सेंट रॉशचं चॅपेल आहे. दार नुसतं लोटलेलं होतं. आत एक बाकडं, भिंतीला संताची मूर्ती, मांडीवरची जखम दाखवणारी, पायाशी तोंडात भाकरी धरलेलं कुत्रं. हा प्लेगमधला राखणदार संत. 1896 मध्ये मुंबईत प्लेग शिरला तेव्हा वांद्र्याच्या आणि आसपासच्या गावठाणांतून लोकांनी क्रूस उभे केले, त्यांतले कित्येक अजून जागेवर आहेत. ते मी पुढे मुद्दाम जाऊन पाहिले, आणि त्या वेळी मला हे पठार आठवलं. जिथे माणूस मरणाला भ्यायला तिथे त्याने काहीतरी उभं केलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी उघडं ठेवलं. त्या दिवशी मला एवढंच कळलं की बाकडं कोरडं होतं. छप्पर गळत नव्हतं. कोणीतरी या निर्जन ठिकाणी येऊन ते गळू दिलेलं नव्हतं. वहीत खडकांखेरीज मी लिहिलेली पहिली नोंद ती आहे.

ओब्राकलाही तेच. बाराव्या शतकात अदालार नावाच्या फ्लेमिश सरदाराने तिथे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा काढली. धुक्यात आणि बर्फात वाट चुकलेल्यांसाठी तिथली घंटा वाजवत राहायचे. चालणारा दिसत नसला तरी दोर ओढत राहायचं, हे काम कोणाकडे असेल, याचा विचार मी पुढचे कितीतरी मैल करत होते.

ज्यांचं देणं सगळ्यात जास्त आहे त्या बाई मला काँकच्या अलीकडे भेटल्या. गावाचं आणि चॅपेलाचं नाव लिहीत नाही. त्यांना ते आवडायचं नाही. एका टेकडीच्या माथ्यावर पाचपंचवीस थडगी आणि मधे शिस्टच्या फरश्यांनी शाकारलेलं चॅपेल. अंगणात जुन्या-नव्या फरश्यांचा ढीग होता आणि सत्तरीच्या बाई एकेक फरशी उचलून तिला बोटाच्या पेराने ठोकून ऐकत होत्या. खणखणीत वाजणारी उजवीकडे, बद्द वाजणारी डावीकडे. मी तिथेच पाठीवरची सॅक उतरवली. तोडक्यामोडक्या फ्रेंचमध्ये म्हटलं, माझे वडीलही असंच करतात. त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाल्या, “मग तुम्हाला येत असेल. तो ढीग घ्या.”

संध्याकाळपर्यंत आम्ही फरश्या निवडल्या. किल्ली त्यांच्याकडे होती. त्यांच्या आधी सासूकडे. पगार नाही, पद नाही. त्यांनी मला चॅपेलाच्या वरच्या अंगाला नेऊन एक चर दाखवली. भिंतीपासून हातभर अंतरावर, गुडघाभर खोल, दगडांनी बांधलेली, दोन्ही बाजूंनी उताराकडे वळवलेली. डोंगरावरून येणारं पाणी आणि छपराच्या पागोळ्या ती घेते. पानगळीत ती भरते, पाणी तुंबतं, भिंत पाणी ओढते, सांध्यांतला चुना भुसभुशीत होतो, हिवाळ्यात ते पाणी गोठून फुगतं आणि दगड सुटतो. “लोक वर छप्पर बघतात,” त्या म्हणाल्या. “देऊळ पडतं ते खालून.” त्या अर्थातच देऊळ म्हणाल्या नव्हत्या. पण मला ते तसंच ऐकू आलं, आणि आठवतंही तसंच.

मग मी तिथे जात राहिले. क्लेरमाँहून गाडी, पुढे बस, पुढे पायी. मनात त्यांना आजी म्हणू लागले, त्या मला ‘तू’ म्हणू लागल्या. चालायला शिकवलं नाही, देवाबद्दल बोलल्या नाहीत. मी ख्रिस्ती नाही हे त्यांनी एकदा विचारून घेतलं आणि पुन्हा तो विषय काढला नाही. काम मात्र द्यायच्या.

एका ऑक्टोबरात वडील गेले. भावाचा फोन आला तेव्हा वेळेत पोचणं शक्य नव्हतं. अग्नी भावाने दिला. मी खोलीत बसून राहिले, प्रयोगशाळेत जाईना, आणि सगळं सोडून परत जावं असं मनाने घेतलं. त्याच मनःस्थितीत एका शनिवारी टेकडीवर गेले. आजींनी माझ्याकडे पाहिलं, मी सांगितलं. त्यांनी खांद्यावर हात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि मग फावडं दिलं. चर भरली होती. आम्ही दोघींनी पानं आणि गाळ उपसला. ते ओलं, जड काम होतं, आणि फावडं दगडाला लागायचं तेव्हा मला वडिलांचं आवार आठवायचं.

1 नोव्हेंबर हा तिकडे सर्व संतांचा दिवस. लोक आपल्या माणसांच्या थडग्यांवर शेवंतीच्या कुंड्या ठेवतात. ज्यांचं कोणी उरलेलं नाही त्यांच्यासाठी आजी स्वतःच्या कुंड्या आणायच्या. त्या वर्षी एक जास्त होती. “वडिलांचं नाव काय?” त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी ते हळूहळू, अक्षरं चुकवत, दोनदा म्हणून पाहिलं, आणि मग दाराशी कुंडी ठेवताना नीट म्हटलं. आमच्या घरी पितृपक्षात पान वाढून नाव घेतात. मी त्या वेळी रडले नाही. नाव बरोबर म्हटलं गेलं याचंच समाधान मोठं होतं. शिक्षण मी पुरं केलं. ते त्या दिवसामुळे पुरं झालं, असं मी आजही मानते.

निघण्याआधी मी शेवटचं काँकला गेले. सेंट फ्वाच्या चर्चच्या दारावरचं न्यायदिनाचं शिल्प, 1994 मध्ये पिएर सुलाज यांनी बसवलेल्या रंगहीन काचांमधून येणारा तो थंड उजेड, सगळं पाहिलं. 1837 मध्ये प्रॉस्पेर मेरिमे सरकारी निरीक्षक म्हणून तिथे आला आणि हे चर्च वाचावं म्हणून त्याने खटपट केली, म्हणून ते उभं आहे. त्याचं नाव इतिहासात आहे आणि असायला हवं. पण गावातून पूल ओलांडून पलीकडच्या उभ्या चढावर गेलं की झाडीत सेंट फ्वाचं एक छोटं चॅपेल आहे. चालणारे तिथे घंटा वाजवतात, म्हणजे खाली गावात मागे राहिलेल्यांना कळतं की आपलं माणूस वर पोचलं. त्या घंटेचा दोर कोण बदलतं हे कुठे लिहिलेलं नाही. मला त्या न लिहिलेल्या माणसांत जास्त रस होता, आणि ती ओढ आजींनी लावली.

आता मी कोल्हापूरकडच्या एका महाविद्यालयात शिकवते. थंडीत मुलांना घेऊन डोंगरांवरच्या देवळांना जाते. खडक पाहायला म्हणूनच नेते, पण आधी देवळाच्या मागे नेते. आपल्याकडे गाव देवावर जीव टाकतं आणि त्याच जिव्हाळ्याने काळ्या पाषाणावर ऑइलपेंट चढवतं, सांधे सिमेंटने भरतं, गाभाऱ्याला फरशी लावतं. दगडातलं पाणी बाहेर पडायची वाट बंद होते, आणि मग पापुद्रे सुटतात. मला हे पाहून फार वाईट वाटतं. लोकांना दोष द्यावासा वाटत नाही. त्यांना कोणी मागची बाजू दाखवलेली नसते. एका देवळामागे झुडपं तोडल्यावर मला तशीच दगडी चर सापडली, अर्धी मातीखाली. तिथले गुरव म्हणाले, “पूर्वी पावसाआधी गावकी उपसायची, बाई. आता कुणाला ठाऊक नाही.” लहानपणी मी त्या देवळात कितीदा गेले होते. माझ्याच डोंगरावरची चर ओळखायला मला इतक्या लांबची माणसं लागली.

गेल्या उन्हाळ्यात गुरव, गावातली काही पोरं आणि माझे विद्यार्थी मिळून आम्ही ती उपसली. मी आजींना फोटो पाठवला. त्यांचं वय झालं आहे, टेकडीवर आता नात जाते, पण उत्तर त्यांनी स्वतः लिहिलं. पोस्टकार्डावर दोनच प्रश्न होते: पाणी दोन्ही बाजूंना वाहतं का, आणि खालचे दगड ठोकून पाहिलेस का. पहिल्याचं उत्तर अजून नाही असं आहे. दक्षिणेकडचं तोंड एका शेताच्या बांधाला अडलं आहे आणि शेतकऱ्याशी बोलणं चालू आहे. दुसऱ्याचं मी याच आठवड्यात लिहून टाकणार आहे. ठोकले. सात बद्द वाजले. ते बदलायचे आहेत.