कंस कुठे उघडला?

शहापूर-मुरबाडच्या मुलांना पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवतो, तेव्हा माझं निम्मं लक्ष एरर मेसेजकडे असतं. किन्हवली, डोळखांब, धसई, टोकावडे अशा गावांतून मुलं येतात आणि संध्याकाळच्या एसटीने परत जातात. रात्री घरी प्रोग्राम अडला की विचारायला कोणी नसतं, आणि माळशेजच्या बाजूला नेटवर्कचा भरवसा नाही. अशा वेळी स्क्रीनवर उमटलेली ती एक ओळच काय ती सोबतीला. ती नीट बोलली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

जुन्या पायथनमध्ये ती नीट बोलत नसे. तिसऱ्या ओळीत भाताचा हिशेब करताना कंस उघडला आणि बंद करायचा राहिला, तर जुना पायथन चौथ्या ओळीवर बोट ठेवून म्हणतो, 'इनव्हॅलिड सिंटॅक्स'. मुलगी चौथी ओळ पुन्हा पुन्हा वाचते. "सर, ही तर बरोबर आहे ना?" बरोबरच असते. खालच्या खाचरात पाणी पोचलं नाही, तर बांध वर कुठे फुटला ते बघायला जायचं, हे तिला कोणी शिकवावं लागत नाही. यंत्र मात्र जिथे अडलं तिथलीच जागा दाखवतं. कंस उघडा आहे तोवर चौथी ओळही त्याच्या लेखी तिसरीचाच भाग असते.

२०२० मध्ये पायथन ३.९ ला नवा पार्सर, म्हणजे प्रोग्राम वाचून त्याचं व्याकरण तपासणारा भाग, मिळाला. ग्विदो व्हॅन रॉसम, पाब्लो गालिंदो आणि लिसान्ड्रोस निकोलाउ यांचं हे काम. त्याच्या जोरावर ऑक्टोबर २०२१ च्या ३.१० मध्ये मेसेज खूपच सुधारले. उघड्या कंसासाठी आता तिसरी ओळच दाखवली जाते. कोलन विसरणं, तुलना करताना एकच बरोबरचं चिन्ह देणं, अशा नेहमीच्या चुकांचे नियमही व्याकरणातच लिहून ठेवलेत. पहिल्या वाचनात ते बाजूला असतात. प्रोग्राम अडलाच, तर पार्सर तो पहिल्यापासून पुन्हा वाचतो आणि या खेपेला चुकांचे नियम हाताशी घेतो. बिनचूक प्रोग्रामला त्याचा भार पडत नाही. ही युक्ती मला फार आवडते. आणि जिथे खात्री नाही तिथे मेसेज विचारतो, 'स्वल्पविराम राहिला का?' हेही योग्यच. ठासून सांगितलेला चुकीचा अंदाज पोराची अख्खी रात्र खातो.

पण ३.९ पासून पुढचा पायथन विंडोज ७ वर चालत नाही. इथे पोरांच्या हातात येणारे जुने लॅपटॉप बरेचसे त्याच विंडोजवर चालतात, म्हणजे ३.८ वरच अडकलेले. ज्यांना गरज जास्त, त्यांनाच ही सुधारणा मिळत नाही, याचं मला वाईट वाटतं. म्हणून मी ३.८ वर चालणारा एक छोटा तपासनीस लिहिला. प्रोग्राम वाचताना तो उघडलेला प्रत्येक कंस ओळीच्या क्रमांकासह एकावर एक रचून ठेवतो आणि जोडीचा कंस आला की वरचा काढून टाकतो. अवतरणातले आणि हॅशनंतरच्या टिपेतले कंस मोजत नाही. शेवटी जो उरेल त्याच्याबद्दल सांगतो: 'ओळ ३: इथे उघडलेला ( बंद झालेला नाही.' 'तुमचं चुकलं' असं कुठेही म्हणत नाही.

मराठी कीबोर्डवरच्या अंकांनी मला जास्त विचार करायला लावला. प्रोग्राम चालू असताना कोणी ५ टाइप केला, तर मजकुराचा पूर्णांक करणारं 'इंट' फंक्शन तो बिनतक्रार पाच म्हणून घेतं. तोच ५ प्रोग्रामच्या ओळीत लिहिला की ३.८ म्हणतो, नावात अवैध अक्षर आहे. पोरगं नावातली अक्षरं तपासत बसतं. तिथे माझा मेसेज सरळ आहे: 'ओळ २: हा ५ मराठी कीबोर्डवरचा आहे, इंग्रजी कीबोर्डवरून टाइप करा.'

जागा दाखवणारा बाण मी मुद्दाम ठेवला नाही. व्हेरिएबलचं नाव 'किंमत' असेल, तर डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात. पायथन मात्र क, वेलांटी, अनुस्वार, म, त अशा पाच खुणा मोजतो आणि बाण उजवीकडे सरकतो. त्यापेक्षा ओळीचा क्रमांक आणि त्या ओळीतला नेमका शब्द छापलेला मुलांना लवकर सापडतो.