आत्यांच्या परसातले रातांबे

मैत्रिणींनो, तुमच्या फडताळात आमसुलांची एक बरणी असेलच. आमटीत चार टाकायची, अंगावर पित्त उठलं की दोन भिजत घालायची, आणि पुन्हा झाकण लावून बरणी मागे सारायची, एवढाच आपला तिच्याशी संबंध. माझाही तेवढाच होता. त्यातून माझं माहेर घाटावरचं, म्हणजे चिंचेचं. आमटीत काळं काहीतरी तरंगताना पाहून लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी ते हळूच ताटाबाहेर काढून ठेवलं होतं, आणि सासूबाईंनी ते पाहिलं होतं!

तर ही गोष्ट २०२५च्या मे महिन्याची. शाळेला सुट्टी लागली (मी अर्धवेळ मराठी शिकवते) आणि मुलीला घेऊन मी कुडाळजवळच्या खेड्यात ह्यांच्या आत्यांकडे गेले. सकाळच्या एस.टी.नं कोल्हापूरहून राधानगरी, मग फोंडा घाट. घाट उतरायला लागलं की खिडकीतून येणारी हवाच बदलते, अंगाला चिकटते. कणकवलीला गाडी बदलून पुढे. उन्हं कलताना आत्यांच्या खळ्यात पोचलो तर तिथं पाय ठेवायला जागा नव्हती. सुपं, रोवळ्या, जुनी लुगडी, सगळ्यांवर लालबुंद साली पसरलेल्या. त्या आंबूस वासानं प्रवासात मळमळणारी माझी लेक एकदम ताजी झाली.

कोकमाचं झाड तुम्ही पाहिलंय का? मी तोवर नीट पाहिलं नव्हतं. देवळाच्या कळसासारखं वर निमुळतं, फांद्या खाली झुकलेल्या, पानं गर्द हिरवी आणि कोवळी पालवी तांबडी. फळ लिंबाएवढं, पिकलं की जांभळट लाल. त्यालाच रातांबा म्हणायचं, गोव्याकडे भिरंड. आत्यांच्या परसात अशी सात झाडं. त्यांच्या यजमानांनी बी टाकून लावलेली. कोकमात नराचं झाड वेगळं आणि मादीचं वेगळं, आणि रोपावरून ते कळत नाही. सात-आठ वर्षं पाणी घालून वाढवावं, आणि मग फुलं आली की समजावं. आत्यांच्या सातांतली चार नर निघाली! आता दापोलीच्या कृषी विद्यापीठानं काढलेली 'कोकण अमृता'सारखी जात कलमानं लावता येते, मादीच मिळणार याची खात्री असते आणि फळही लवकर धरतं. मी आत्यांना म्हटलं, "मग ही चार तोडून कलमं का लावत नाही?" त्या म्हणाल्या, "आसूंदे गो, सावली तरी देता."

दुसऱ्या दिवसापासून मीही कामाला लागले. फळ चिरून दोन वाट्या करायच्या. आतला गर आणि बिया वेगळ्या काढायच्या. त्या गराच्या रसात मीठ घालून त्यात साली रात्रभर बुडवायच्या, सकाळी उन्हात टाकायच्या, संध्याकाळी पुन्हा त्याच रसात. अशी चार-पाच पुटं बसली की साल काळसर, मऊ आणि चिवट होते. तेच आपलं आमसूल, तिकडच्या भाषेत सोलं. म्हणजे बाजारातून आपण पावशेर आणतो त्यामागे कुणाचे तरी आठ दिवस वाकून गेलेले असतात. माझी बोटं पहिल्याच दिवशी जांभळी झाली. साडीवर डाग पडला, तो साबणानं घासला तर जाण्याऐवजी निळसर काळा झाला! ह्या रंगाला साबण चालत नाही बरं का. आधी नुसत्या पाण्यानं भरपूर धुवायचं, आणि ते लगेच.

फळातलं काही फेकायचं नाही हा आत्यांचा नेम. उरलेल्या गरात भरपूर मीठ घालून खारा रस करून ठेवायचा, तो आगळ. सोलकढीला तोच लागतो. पिकलेल्या सालींत साखर भरून बरणीत दाबून ठेवल्या की आठवड्याभरात पाक सुटतो, ते सरबताचं अमृतकोकम. बरणी काचेची किंवा चिनी मातीची हवी. तांब्या-पितळेत किंवा ॲल्युमिनियममध्ये कोकम कधी ठेवू नका, आंबट रसानं भांडं खाल्लं जातं आणि तेच पोटात जातं. बिया वाळवून, फोडून, कुटून पाण्यात उकळतात. वर तरंगणारं तेल निवलं की मेणासारखं घट्ट होतं. मुठीत दाबून त्याचे गोळे करतात म्हणून ते मुठेल. आत्यांच्या टाचा सत्तरीतही गुळगुळीत आहेत त्या ह्या मुठेलामुळे. रात्री पाय धुऊन, किंचित गरम करून भेगांत भरायचं आणि जुने मोजे घालून झोपायचं. थंडीत ओठांनाही चालतं. हेच तेल शहरात महागड्या क्रीममध्ये घालून विकतात, तेव्हा वेष्टनावरची बारीक अक्षरं वाचून पाहा.

आता औषधाचं. कोकमाला संस्कृतात वृक्षाम्ल म्हणतात आणि आयुर्वेदात त्याचा उपयोग सांगितलेला आहे. घरोघरी त्याचा वापर मुख्यतः पित्तावर आणि पचनावर. जड जेवणावर सोलकढी घ्यायची, उन्हातून आल्यावर सरबत. माझ्या मुलीच्या अंगावर तिथं चौथ्या दिवशी गांधी उठल्या. आत्यांनी बिनमिठाची सोलं कुस्करून ते पाणी तिच्या पाठीवर लावलं. खाज तासाभरात उतरली. पण लावता लावता त्या सारख्या तिचे ओठ आणि डोळे बघत होत्या. ओठ सुजले किंवा श्वास लागला तर सोलं बाजूला ठेवून तडक दवाखाना गाठायचा, हे त्यांनीच मला बजावलं.

खरं तर मी त्या वर्षी मुद्दाम गेले होते ती सासूबाईंसाठी. त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. तरी हिवाळ्यात त्यांचे पाय सुजू लागले, दाब खाली येईना. डॉक्टरांनी विचारलं, लोणचं? पापड? दोन्ही बंद होतं. मग शोधता शोधता कळलं की "कोकम थंड" म्हणून त्या रोज दोन पेले आगळाचं सरबत घेत होत्या. आगळ म्हणजे जवळजवळ समुद्राचं पाणी! आणि मीच ते प्रेमानं करून देत होते. त्या दिवशी मला कसंसंच झालं. अमृतकोकमाचंही तेच, मधुमेह असलेल्या माणसाला तो साखरेचा पाकच. आमच्या शेजारणीनं तर वजन उतरवायला कोकमाच्या जातीतल्या कुठल्या फळाच्या गोळ्या आणल्या होत्या. अशा गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. कढीतलं कोकम वेगळं आणि त्याचा अर्क काढून भरलेली गोळी वेगळी. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

म्हणून आत्यांना मी आधीच फोन केला होता, आणि त्यांनी सासूबाईंकरता तीन सुपं सोलं मिठाशिवाय घातली होती. नुसत्या रसात भिजवून नुसत्या उन्हात वाळवायची. मीठ नसल्यामुळे त्यांना ऊन मात्र कडक लागतं.

आणि २० मेच्या सुमारास आभाळ भरून आलं. वळवाची सर असेल म्हणून आम्ही सुपं पडवीत ओढली. पण पाऊस थांबेचना. "आभाळाक काय झालां ह्या?" आत्या दर तासाला दारात जाऊन म्हणायच्या. एरवी जूनच्या पहिल्या आठवड्यात येणारा मोसमी पाऊस २५ मेला तळकोकणात आल्याचं वेधशाळेनं जाहीर केलं. झाडावर निम्मे रातांबे तसेच होते, ते पाणी पिऊन फुटले आणि झाडाखाली सडा पडला. दरवर्षी आत्या सोलांचे चार मोठे डबे व्यापाऱ्याला देतात, आणि त्या पैशांत त्यांचं घरपट्टीपासून औषधापर्यंत भागतं. त्या वर्षी दीडच डबा भरला. त्या काही बोलल्या नाहीत. फक्त जेवताना म्हणाल्या, आज भात नको.

बिनमिठाच्या सुपांना तिसऱ्या दिवशी पांढरी बुरशी दिसली. दोन सुपं टाकून द्यावी लागली. बुरशी आलेली धुऊन वापरू नका, मी विचारलं तर आत्या रागावल्या. तिसऱ्या सुपासाठी चुलीच्या वर काठ्या आडव्या टाकल्या, त्यावर ते ठेवलं, आणि आम्ही दोघी आळीपाळीनं रात्री उठून मंद जाळ करत राहिलो. डोळ्यांत धूर, बाहेर कौलांवर धो धो पाऊस. पहाटे आत्या मला त्यांच्या लग्नाच्या वर्षीच्या पावसाची गोष्ट सांगत होत्या. चार दिवसांनी जे हाती लागलं ते एका लहान बरणीत मावलं.

तीच बरणी मी घरी आणली. सासूबाई रोज रात्री दोन सोलं पेलाभर पाण्यात भिजत घालतात, सकाळी कुस्करून, गाळून, वर जिऱ्याची पूड टाकून पितात. थोडा धुराचा वास येतो म्हणतात. डॉक्टरांना सांगूनच सुरू केलंय. आगळ बंद झाल्यावर पायांची सूज उतरली, गोळी अर्थात चालू आहे.

तुम्हांलाही बिनमिठाची सोलं हवी असतील तर ती सहसा दुकानात नसतात. कोकणातल्या ओळखीच्या घरी एप्रिलातच सांगून ठेवा, आणि दोन पैसे जास्त द्या. आत्यांना मी ह्या वर्षी एप्रिल लागायच्या आतच फोन केला.