समरकंदचा पाहुणचार

गेल्या जूनमध्ये आम्ही उभयतांनी उझबेकिस्तानचा प्रवास केला. ताश्कंदला शास्त्रीजींच्या पुतळ्यास वंदन करून जलद रेल्वेने समरकंद गाठले. रेगिस्तान चौकातील तीन मदरशांची निळी नक्षी डोळ्यांत मावत नाही. पण तिचे वर्णन प्रवासपुस्तकांत पुष्कळ आहे. मला सांगावयाचे आहे ते एका अंगणाविषयी.

आमच्या अतिथिगृहाच्या वृद्ध मालकांनी घरी जेवावयास बोलावले. तेथे पाहुण्यासाठी पलाव शिजतो: तांदूळ, मांस, गाजर, कांदा. आमचे आहारनियम सांगताना मला विलक्षण संकोच वाटला. यजमानाच्या ताटातला एकेक जिन्नस वजा करावयाचा, म्हणजे त्याच्या प्रेमातूनच वजाबाकी नव्हे काय? त्यांची कॉलेजात शिकणारी नात दुभाषी होती. सूर्यास्तानंतर आम्ही पाणीही घेत नाही, हे तिने सांगताच आजोबा मोकळे हसले.

"रमजानात आम्ही सूर्य कधी मावळतो याची वाट पाहतो, तुम्ही त्याच्या आधी उरकण्याची घाई करता. नजर दोघांचीही त्याच्यावरच!"

दुसऱ्या दिवशी द्राक्षवेलीखाली दस्तरखान अंथरला होता. जर्दाळू, चेरी, अक्रोड, बदाम यांनी तो भरून गेला होता. आजींनी नव्या पातेल्यात केवळ तांदूळ, हरभरे आणि मनुका शिजविल्या होत्या. नातू वारंवार फाटकाबाहेर जाऊन सूर्य पाहून येई. मी बँकेत होतो हे कळताच आजोबा म्हणाले, "हिसॉब!" बाजार, दुकान, हिशेब हे आपले शब्द किंचित निराळ्या उच्चाराने तेथे ऐकताना पेढीवर बसल्यासारखे वाटते.

हिरवा चहा आला. प्रथम तीनदा प्याल्यात ओतून पुन्हा किटलीत परतविला आणि मग अर्ध्याहून कमीच वाढला. आपल्याकडे असा चहा दिला तर चार दिवस चर्चा होईल! नातीने खुलासा केला: थोडा वाढला म्हणजे पाहुण्याने पुन्हा मागावा, अधिक बसावे. काठोकाठ भरलेला प्याला म्हणजे आता निघा.

भिंतीला एक वाळलेली गोल रोटी टांगलेली होती. परदेशी नोकरीस गेलेल्या मुलाने निघताना तिचा एक घास खाल्ला होता. उरलेली त्याच्या परतीची वाट पाहत होती. आम्ही निरोपासाठी उठलो, तेव्हा आजी तशीच एक ताजी रोटी घेऊन आल्या. पण सूर्य तर मावळला होता. सौ.चा चेहरा उतरला. नकार द्यावा कसा? तिने नियम सांगितला नाही, केवळ आकाशाकडे पाहिले. आजींनी रोटी पदरासारख्या ओढणीत गुंडाळून ठेवली.

सकाळी नवकारसीची वेळ होताच नातू अतिथिगृहाच्या दारी हजर! आम्ही दोघांनी एकेक घास तोडला. उरलेली रोटी पुन्हा त्याच ओढणीत बांधून तो घरी धावला, आणि आम्ही स्टेशनकडे निघालो.