इशानंतर गच्चीवर

परवा इशाची नमाज पढून घरी आलो, तर लाईट गेलेली. आमच्या अहेरीत लाईट गेली की आभाळ ताऱ्यांनी गच्च भरते. लेक गच्चीवर चटई टाकून पडली होती. बीएस्सीसाठी तिला पुण्याला जायचे आहे. आमच्या घरातली मुलगी शिकायला नागपूरच्या पुढे गेलेली नाही. मी महिनाभर नुसते ‘बघू’ म्हणतोय.

“अब्बा, पहिला तारा कसा पेटला असेल?” तिने विचारले आणि उत्तरही तिनेच दिले. सुरुवातीला काळोख, आणि हायड्रोजन-हेलियमचा वायू. जिथे तो जरा दाट होता, तिथे गुरुत्वाकर्षणाने आणखी जमला, आकसला, तापला, पेटला. शास्त्रज्ञ हे सगळे संगणकावर मांडून पाहतात. पण मांडणी खरी की खोटी, याला पुरावा हवा.

त्या काळच्या हायड्रोजनची २१ सेंटिमीटरची रेडिओलहर विश्व प्रसरण पावल्याने ताणली जाऊन आता सुमारे दोन मीटरची झाली आहे. नारायणगावजवळ खोडदला ‘जीएमआरटी’च्या ३० अँटेना आहेत. त्यांच्या मदतीने शास्त्रज्ञांनी ती शोधली. सापडली नाही, पण ‘ती याहून जोरकस असू शकत नाही’, एवढे २०१३ मध्ये मोजून सांगितले.

“सापडली नाही, तेही मोजून?”

“हो अब्बा. अंदाजाने नाही म्हणत नाहीत.”

मी गप्प झालो. फी किती, हॉस्टेल कसे, सोबत कोण, यातले काहीच मी विचारले नव्हते.

लाईट आली. म्हटले, “चल बेटा, फॉर्म दाखव.”