गैरहजेरीचा शेरा

आम्ही आस्थापना शाखेतले कारकून. दुसऱ्यांची सेवापुस्तके लिहिण्यात आमची दहा वर्षे गेली. त्यामुळे कोणाही माणसाचे चरित्र आम्हांला रकान्यांतूनच वाचण्याची सवय. अलीकडे एका अमेरिकन रिसाल्याचा सेवावृत्तान्त हाती आला, आणि तोही आमच्याच पेशाच्या माणसांनी जपलेला निघाला.

अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरी राखण्यासाठी फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांच्या बाजूने लढलेला हा टेक्ससचा ८ वा रिसाला. १८६१ च्या सप्टेंबरात ह्यूस्टन येथे सुमारे १,१७० स्वार दाखल झाले. दक्षिणेच्या घोडदळात सामान्यतः घोडा ज्याचा त्याने आणावयाचा. सरकार त्याबद्दल दिवसाला ४० सेंट देई. डिसेंबरात केंटकीतील वुडसनव्हिल येथे पहिल्याच झुंजीत कर्नल टेरी पडला. पुढे शायलो, चिकमॉगा, अटलांटा अशी दौड चालली. १८६५ च्या मार्चमध्ये बेंटनव्हिलच्या हल्ल्यात सेनापती हार्डी याचा रिसाल्यात नुकताच आलेला सोळा वर्षांचा मुलगा प्राणांतिक जखमी झाला. एप्रिलमध्ये सैन्य शरण गेले, तेव्हा रिसाल्यात अडीचशेही उरले नव्हते; त्यांतले बहुतेक शरण न जाता निसटले.

पराभूतांचे हजेरीपट जेत्यांच्या हाती आले. १९०३ ते १९२७ या काळात वॉशिंग्टनच्या कारकुनांनी त्यांवरून एकेका सैनिकाची कार्डे उतरून काढली. नाव, हुद्दा, पगार कधीपर्यंत पोचला, हजर की गैरहजर. भरतीच्या कार्डावर घोड्याची किंमतसुद्धा आहे. ज्यांच्या गुलामगिरीपायी हे रण माजले, त्यांच्यासाठी रकाना नाही. स्वार कशासाठी लढला, यासाठीही नाही.

आम्ही अडखळलो तो 'गैरहजर' या शब्दापाशी. इस्पितळात पडलेला गैरहजर, दुसरा घोडा आणावयास घरी गेलेला गैरहजर आणि पळालेलाही गैरहजर. पुढे शेरा असेल तर उलगडा व्हावा. नसेल तर तिघे सारखेच.

सहा वर्षांपूर्वी एका पट्टेवाल्याच्या पुस्तकात आम्ही 'विनापरवानगी गैरहजर, १९ दिवस' अशी नोंद केली. अर्ज वेळेत आला नव्हता; नोंद नियमाला धरून होती. त्याची बायको गावी शेवटच्या घटका मोजीत होती, हे मात्र आम्हांला ठाऊक होते. साहेबांपुढे चार ओळींचे टिपण ठेवता आले असते. आम्ही ठेवले नाही. नोकरीत खंड पडला. तो माणूस आजही आम्हांला पाहून उठून उभा राहतो.

पुढल्या वर्षी तो निवृत्त होईल आणि निवृत्तिवेतनाचा हिशेब कोणी तरी त्याच पानावरून मांडील. त्या कोणाला आमचा नियम दिसेल, ती बाई दिसणार नाही. खंड माफ करण्याची तरतूद नियमांतच आहे. सोमवारी ते पुस्तक मागवून सहा वर्षे राहिलेले टिपण आम्ही लिहावयास घेणार आहोत. त्यात आमची चूकही लिहावी लागेल.