फळ्यावरचा हिशोब

जून महिना होता. शाळा नुकतीच सुरू झाली होती. मधल्या सुट्टीत आमची एक जुनी विद्यार्थिनी वडिलांना घेऊन स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. दोन वर्षांपूर्वी ती आमच्या उर्दू शाळेतून दहावी झाली होती. आता बारावी कॉमर्सला तिला चांगले मार्क मिळाले होते. वडील इथेच, सोलापुरात, चादरीच्या कारखान्यात यंत्रमागावर काम करतात. सलाम-दुआ झाली आणि ते म्हणाले, "सर, इसकू जरा समझाव. डी.एड. कर बोले तो सुनती नै. कायकी फायनान्शियल प्लॅनिंग सीखनी बोलती. दूसरों के पैसों का हिसाब करके इसकू क्या मिलेगा?"

मी स्वतः बी.एड. झालेला, गणिताचा मास्तर. मी त्यांचीच बाजू घेईन असं त्यांना वाटणं साहजिक होतं. मुलीला विचारलं, "बेटा, हे नक्की काय असतं?" ती न अडखळता म्हणाली, "सर, घरात किती येतं, किती जातं, आजारपण, शिक्षण, लग्न, म्हातारपण, हे सगळं वेळ यायच्या आधी बसून मांडायचं. आपल्याकडे सगळे नंतरच मांडतात."

वडिलांनी शेवटचा प्रश्न टाकला, "और ये सूद का धंदा नै क्या, सर?"

मी गप्प झालो. हा प्रश्न काही वर्षांपूर्वी मी स्वतःला विचारला होता आणि चुकीचं उत्तर काढून मोकळा झालो होतो.

मी २०१२ साली नोकरीला लागलो. पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून तुटपुंज्या मानधनावर काढली. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, हे तेव्हा ऐकून माहीत होतं, पण त्याचा अर्थ कागदावर कधी मांडला नव्हता. अब्बा कारखान्यातून निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या हातात चार लाख रुपये आले. धाकट्या बहिणीचं लग्न त्यातूनच व्हायचं होतं.

२०१७ मध्ये एका ओळखीच्या माणसाने बाहेरगावच्या एका कंपनीची योजना आणली. महिना तीन टक्के 'हलाल नफा'. व्याज नाही, सूद नाही, तिजारत आहे, असं सांगण्यात आलं. कागदावर बिस्मिल्लाह छापलेलं होतं. अब्बांचं मन होत नव्हतं. त्यांना राजी केलं ते मी. घरात शिकलेला मीच होतो ना!

त्याच आठवड्यात मी आठवीच्या वर्गात 'सूद-ए-मुरक्कब', म्हणजे चक्रवाढ व्याज, शिकवत होतो. महिना तीन टक्के दराने मिळालेली रक्कम परत त्यातच गुंतवत गेलं तर चोवीस महिन्यांत मुद्दल दुप्पट होतं, हे मला फळ्यावर दोन मिनिटांत काढता आलं असतं. कोणता सरळ धंदा महिन्यामागून महिना इतका नफा देतो, हा प्रश्न माझ्याच वर्गातल्या एखाद्या मुलाने विचारला असता. त्यांनी व्याज म्हटलं असतं तर मी हिशोब केला असता. त्यांनी नफा म्हटलं, म्हणून मी दुआ केली.

अकरा महिने बारा-बारा हजार आले. एक लाख बत्तीस हजार. मग कार्यालयाला कुलूप लागलं. दोन लाख अडुसष्ट हजार गेले. बहिणीचं लग्न तीन वर्षं पुढे गेलं. अब्बा मला एका शब्दाने बोलले नाहीत. एवढंच विचारलं, "उनों पैसा कां लगाते, ये तूने पूछा था क्या?"

मी विचारलं नव्हतं.

हे सगळं मी त्या दिवशी स्टाफरूममध्ये त्या मुलीच्या वडिलांना सांगितलं. आजवर सहकाऱ्यांनाही सांगितलं नव्हतं. मग म्हणालो, "भाई, आपल्या मोहल्ल्यात पैसे बुडालेली घरं मोजा. तिथे आधी जाऊन चार प्रश्न विचारणारं कुणी असतं तर? सूद घेणं वेगळं आणि सूद कसं चालतं हे समजणं वेगळं. ज्याला ते समजत नाही तोच त्यात बुडतो." कर्जाचा व्यवहार लिहून ठेवा असं सांगणारी आयत कुरआनातली सर्वांत लांब आयत आहे, याचीही त्यांना आठवण दिली.

या विषयात वारसा आणि वसीयत हाही एक भाग असतो. आपल्याकडे बायकोचा आठवा हिस्सा, आईचा सहावा, वसीयत एक तृतीयांशाच्या आत, हे सगळं अपूर्णांकांचं गणित आहे. ज्यांच्या ग्रंथाच्या नावावरून 'अल्जिब्रा' हा शब्द आला, त्या नवव्या शतकातल्या अल-ख्वारिझमींनी त्याच ग्रंथाचा मोठा भाग वारशाच्या हिशोबाला दिला आहे. म्हणजे हे शिक्षण आपल्याला परकं नाही. आपणच ते सोडून दिलं.

वडिलांनी मग रस्ता विचारला. मी म्हणालो, आधी इथेच सोलापूर विद्यापीठाचं बी.कॉम. मुंबई विद्यापीठात फायनान्शियल मार्केट्सचा वेगळा पदवी अभ्यासक्रम आहे, पण तिथला राहण्याचा खर्च आपल्याला झेपणार नाही. सोबत एनआयएसएमच्या परीक्षा. ही सेबीने काढलेली संस्था आहे. पुढे 'सर्टिफाइड फायनान्शियल प्लॅनर' ही पदवीनंतरची वाट, त्यात परीक्षेबरोबर अनुभवही मागतात. फी घेऊन गुंतवणुकीचा सल्ला द्यायचा तर सेबीच्या २०१३च्या नियमांप्रमाणे नोंदणी करावी लागते.

मुलीलाही अडचणी सांगितल्या. उर्दूतून आलेल्या मुलीला कॉमर्सचं इंग्रजी जड जातं. नोकरी मिळाली तरी सुरुवातीला विम्याच्या पॉलिसी खपवण्याचं टार्गेट गळ्यात पडतं. कमिशन कंपनीकडून घेणारा कंपनीचा माल विकतो, फी घरवाल्याकडून घेणारा घरवाल्याला सल्ला देतो. हा फरक विसरू नकोस म्हटलं. आणि आपल्याकडे बीसीत पैसे टाकतील, पण सल्ल्याची फी देताना लोक हात आखडतात. पहिली चार-पाच वर्षं कठीण जातील.

ती म्हणाली, "सर, डी.एड. झालेल्या मुलीही पाच-पाच वर्षं जागेची वाट बघतात की."

वडील हसले. त्याच आठवड्यात प्रवेशाचा फॉर्म भरला गेला.

संध्याकाळी घरी अब्बांना हे सांगितलं. ते उठले, कपाट उघडलं आणि खालच्या कप्प्यातून एक पाकीट काढलं. त्या कंपनीचं सर्टिफिकेट होतं. बिस्मिल्लाह छापलेलं, चकचकीत, घडीवर थोडं फाटलेलं. इतकी वर्षं त्यांनी ते जपून ठेवलंय हे मला माहीत नव्हतं.

"उस बच्ची कू दे," अब्बा म्हणाले. "बोल, पहला सबक इसपे कर."