करवतीचा वाटा

विद्यार्थी मित्रांनो, आधी एक लहानसे गणित सोडवा. सागवानाचा एक तुकडा २० मिलिमीटर रुंद आहे. त्यातून ३ मिलिमीटर जाडीच्या किती पट्ट्या निघतील? वर्गात हा प्रश्न विचारला, की मुले चटकन म्हणतात, "सहा, सर!" माझे अब्बा मात्र म्हणतात, "चार. तेही हात सांभाळून चालवला तर."

अब्बा सुतार आहेत. घराच्या पडवीतच त्यांचे काम चालते. आमच्या दादांनी बनवलेल्या खिडकीच्या जाळीतील चार पट्ट्या मोडल्या होत्या. त्याच खिडकीच्या लाकडाचा वीतभर लांबीचा एकच तुकडा घरात उरला होता. तो होता २० मिलिमीटर रुंद. एक पट्टी बिघडली असती, तर तसे जुने लाकूड पुन्हा कोठून आणणार?

आता अब्बांचा हिशेब पाहा. करवत लाकूड कापते, तसे ते खातेही. त्यांच्या करवतीने दर कापाला दीड मिलिमीटर लाकडाचा भुसा होतो. कापलेली बाजू खरखरीत असते. पट्टीची आणि उरलेल्या तुकड्याची बाजू रंध्याने साफ करताना अर्धा-अर्धा मिलिमीटर जातो. म्हणजे ३ मिलिमीटरच्या एका पट्टीमागे साडेपाच मिलिमीटर लाकूड लागते. तीन पट्ट्यांना साडेसोळा लागले. उरले साडेतीन. ते रंधून चौथी पट्टी झाली. शिल्लक काहीच नाही!

अब्बांनी प्रथम खतकसाने कडेला समांतर रेघ ओढली. तुकडा शिकंज्यात घट्ट बसवला आणि रेघ शाबूत ठेवून तिच्या बाहेरून करवत चालवली. मग पट्टीच्या दोन्ही बाजूंना बरोबर ३ मिलिमीटर जाडीच्या दोन पट्ट्या ठेवल्या. रंध्याच्या तळाच्या कडा त्यांच्यावर टेकल्या, की रंधा आणखी लाकूड काढत नाही. पातळ पट्टी पुढून अडवली तर वाकते. म्हणून त्यांनी तिचे मागचे टोक दाबून धरले व रंधा पुढे नेला.

पट्टी जितकी बारीक, तितकी बोटे पात्याच्या जवळ जातात. एका वखारीत यंत्राच्या करवतीवर अशीच पट्टी हाताने सरकवताना माझ्या चाचांच्या बोटाचे टोक गेले. म्हणून मोठे माणूस जवळ असल्याशिवाय तुम्ही हे काम करू नका.

चारही पट्ट्या जाळीत बसल्या. संध्याकाळचे ऊन पूर्वीसारखेच नक्षी होऊन घरात येऊ लागले.

मित्रांनो, परीक्षेपूर्वी तुम्ही दिवसाचे तास मोजून अभ्यासाचे वेळापत्रक आखता. त्यात जेवणाचा, येण्याजाण्याचा आणि विश्रांतीचा वेळ धरता का? प्रत्येक कामात करवतीचा वाटा असतोच. तो आधी मोजला, तर शेवटची पट्टी कमी पडत नाही.